लोपीसांच्या बेकरीत

शारजा, ऑगस्ट २००१

प्रिय इनास,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून ‘प्रिय’ लिहायला हरकत नाही.

मी ज्या घरी कामाला आहे, तिथल्या मॅडमनं सुट्टीत मुलांना सांभाळायला मला लिस्बनला नेलं होतं. एका दुपारी मोकळीक मिळाली, तशी चढाच्या गल्ल्यांतून एकटीच फिरले. दुकानांवर सगळी आपल्या वसईची आडनावं! परेरा चांभार, रॉड्रिग्ज न्हावी. वाटलं, आत्ता कुणीतरी हाक मारून आईची तब्येत विचारेल. कुणी वळूनही बघितलं नाही.

मग एका बेकरीवर तुझं आडनाव, ‘लोपीस’ दिसलं आणि पाय आपोआप आत वळले. गल्ल्यावरच्या म्हातारीला पाटी दाखवून मी म्हटलं, “आमच्या गावातही लोपीस आहेत.”

तिनं मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, “तूपण लोपीस?”

गल्फमध्ये नोकरी करणारी सून तुझ्या आईला नको होती, आणि तू गप्प बसलास. तिथं मला अडवणारं कुणीच नव्हतं. मी हो म्हटलं.

म्हातारीनं माझा गाल कुरवाळला आणि एक गोड पाव हातावर ठेवला. पैसे काही घेईना. बाहेर पायरीवर बसून मी तो अगदी हळूहळू खाल्ला. संपेपर्यंत मी लोपीस होते.

तुमच्याच वाडीतली,
पॉलिन डिमेलो