आत्या मांडवातून उठत नाही

मंगळवार, १८ फेब्रु.

दुपारची ड्यूटी. डबा भरत होते, तेवढ्यात वकीलबाईंचा फोन. "सिस्टर, तुमच्या आत्या उठत नाहीयेत."

म्हटलं, उठत नाहीत म्हणजे? बाई घाईघाईनं म्हणाल्या, तसं नव्हे हो, ठणठणीत आहेत, मांडवातून उठत नाहीयेत.

इंदापूरला तहसील कचेरीसमोर साखळी उपोषण चाललंय हे माहीत होतं. बारामतीत कामगारांचे संध्याकाळचे वर्ग घेणारे जगन सर चार वर्षं तुरुंगात आहेत. वकीलबाई त्यांचंच काम बघतात, पण खटला उभा राहत नाही, जामीन मिळत नाही. आता ते आणि त्यांच्यासोबतचे कैदी आतच उपोषणाला बसलेत. त्यांच्यासाठी इथं बाहेर रोज एकानं बसायचं, दुसऱ्या दिवशी अकराला लिंबूपाणी घेऊन उठायचं, मग पुढच्याची पाळी. काल आत्या बसली. मला न सांगता. आज पेला पुढं केला तर म्हणाली, "सरांनी घेतलं का? मग मला कशाला?"

बारामती एमआयडीसीतल्या माझ्या दवाखान्यात फोन करून रजा टाकली. एसटीत बसून इंदापूरपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडत गेले. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेले, नरसिंहपूरजवळच्या वस्तीवरून ही आलीच कशी! पोचले तर मलाच विचारते, "आलीस? जेवलीस का?"

बी.पी. १३०/८०. वजन ४१. बी.पी. माझ्यापेक्षा चांगलं.

बुधवार, १९

शिवजयंती. कचेरी बंद, रस्त्यावर ढोल. आत्या मांडीवर बोटांनी ठेका धरून बसलेली. १२८/८०.

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. हसले. "तुमच्या घराण्यातल्या बायका म्हशीसारख्या. पाण्यात बसल्या की बसल्या." मी फोन ठेवला.

मला हे झेंडेवाले लोक कधी आवडले नाहीत. भाषणं ठोकतात, चहा पितात, फोटो काढतात. आत्या त्यांच्यात काय करतेय तेच कळेना. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. हिनं मला मेंढरांमागं खांद्यावरून हिंडवलं, मग शाळेत घातलं, मग नर्सिंगला. सरकार, कोर्ट, आंदोलन असला शब्द हिच्या तोंडून मी ऐकलेला नाही. उद्या सरळ विचारणार.

गुरुवार, २०

विचारलं.

मी नोकरीला लागल्यानंतरची गोष्ट. चरायला नेलेली आमची मेंढरं कुठल्याशा गावात कोंडवाड्यात घातली. कुणाच्या रानात शिरली, काय खाल्लं, कोणी सांगेना. आत्या फाटकाशी बसून. जगन सर दुसऱ्याच कुणाचा अर्ज घेऊन त्या गावात आलेले, ओळख ना पाळख. त्यांनी विचारलं आणि तिथंच बसले. येईल त्या माणसाला एकच म्हणायचे, गुन्हा सांगा, नाहीतर सोडा.

"आत चारा न्हवता," आत्या म्हणाली. "कळप उपाशी आसंल तर मेंढक्यानं खायचं न्हाय. आपल्यात रीतच हाय. मी न्हाय खाल्लं. सरांनी इचारलं, का खात न्हाय? मी सांगितलं. तवा त्यांनी हातातली भाकरी परत फडक्यात बांधली. तीन दिस माझ्यासंगट उपाशी बसलं. त्यो तर मेंढक्या बी न्हवता गं. त्याला भूक लागल्याली मला दिसत हुती."

तिसऱ्या दिवशी फाटक उघडलं. कुणी काही सांगितलं नाही.

मग म्हणाली, "ती तर जनावरं. हितं मानूस हाय. त्याला बी गुन्हा सांगंनात."

इतक्या वर्षांत मला हे बोलली नव्हती. बी.पी. घ्यायचं राहूनच गेलं, ते नंतर घेतलं. १२२/७६.

शनिवार, २२

११६/७२. वजन ३९. मीठ घातलेलं पाणी घेते, बास. साखर चिमूटभर टाकून बघितली, पहिल्याच घोटाला ओळखलं. "सुनंदे, लबाडी नगं."

साखळी चालूच आहे. आज पाळी संपवून उठणाऱ्या एका मास्तरांना हिच्यासमोर लिंबूपाणी घ्यायची लाज वाटत होती. हिनंच पेला त्यांच्या हातात दिला. "घ्या की. तुमचं ठरल्यालं तेवढं झालं."

नायब तहसीलदार येऊन गेले. सभ्य माणूस. आत्याला आजी म्हणतात. रोज सकाळी तब्येतीची चिठ्ठी द्या म्हणाले, मी नर्स आहे म्हणून मलाच. "गंभीर लिहिलंत की आम्हाला हलवावं लागेल." म्हणजे ती राहणार की उचलली जाणार हे माझ्या पेनावर. असलं ओझं मला नको होतं.

वकीलबाई म्हणतात ३ मार्चला सुनावणी आहे. खटला चालवा नाहीतर जामीन द्या, मागणं एवढंच. म्हणजे अजून नऊ दिवस. कागदावर वजाबाकी करत बसले, दिवस आणि किलो. नको ते.

बुधवार, २६

महाशिवरात्र. आजच्या दिवसाला हसू की रडू.

दहाच्या सुमाराला पेठेतल्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका डबे घेऊन हजर. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी. "आमचा बी आज उपास हाय. म्हटलं आज्जीला बी न्यावं. समदं उपासाचंच हाय, चालतंय." एकीनं तर खिचडीत मिरची घातलीय की मिरं ते सांगितलं, कारण आत्याच्या घरी काय चालतं तिला माहीत नव्हतं.

आत्यानं प्रत्येक डबा उघडून वास घेतला. मनापासून. "तूप बरं पडलंय," म्हणाली. मग सांगितलं की हा उपास तसला नाही, ह्यात पाणीच.

एक हिरव्या लुगड्यातली बाई खाली बसली. "मग ह्यो सुटतो कवा? चंद्र बगून का दुसऱ्या दिशी?"

"ते आमाला न्हाय म्हायती. ज्यांनी कोंडलंय त्यांस्नी म्हायती."

त्या बाईनं डब्याचं झाकण लावलं. बाकीच्यांनीही लावली. मला वाटलं उठून जातील. गेल्या नाहीत. ऊन उतरेपर्यंत आत्याभोवती बसून होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीनंही त्या खिचडीला हात लावला नाही. कोणी तसं सांगितलं नव्हतं. घोषणा नाही, माइक नाही. नुसत्या बसलेल्या. झेंडेवाल्यांना मी नावं ठेवत आलेय, पण आज मांडवात मलाच कुठं बघावं कळेना.

१०४/६४.

गुरुवार, २७

९६/६०. उठताना भोवळ. तोंडाला गोडसर, सडक्या फळाचा वास येतोय, शरीर आता स्वतःलाच खातंय. मला हा वास ओळखता येतो आणि मला तो तिच्या तोंडाचा नको आहे.

चिठ्ठीत "अशक्तपणा आहे" एवढंच लिहिलं. खोटं नाही. खरंही नाही.

एक विचार डोक्यात आलाय. आत्या माणसाचं ऐकणार नाही. देवाचं?

शुक्रवार, २८

सकाळच्या गाडीनं नरसिंहपूरला गेले. आमचं कुळदैवत. संगमावर पाय धुतले, दर्शन घेतलं, पुजाऱ्याकडून पेढ्याचा प्रसाद घेतला. सगळ्या वाटेनं स्वतःची पाठ थोपटत आले. नरसिंहाचा प्रसाद ही जन्मात परत करणार नाही. एक पेढा पोटात गेला की उपोषण मोडलं, आणि पाप कोणालाच नाही.

मांडवात आल्यावर म्हटलं, "आत्या, देवानं पाठवलाय."

तिनं दोन्ही हात पुढं केले. पेढा घेतला, कपाळाला लावला, डोळे मिटले. मग तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"देवाला मधी घातलंस व्हय."

मी मान खाली घातली.

"आ कर."

"आत्या..."

"परसाद हाय. माघारी जात नस्तोय. आ कर."

अर्धा पेढा माझ्या तोंडात घातला, मी गिळेपर्यंत थांबली, मग उरलेला घातला. लहानपणी कळपामागं चालताना घास भरवायची तसा. वर म्हणते, "चार दिस झालं तू नीट खाल्ली न्हाईस. तुझं डोळं आत गेल्यात."

ढसाढसा रडले. छप्पन्न वर्षांची बाई, भर कचेरीसमोर. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता तिच्याशी लबाडी करणार नाही. तिला वाचवायची माझी अक्कल संपली, हेही लिहून ठेवते.

रविवार, २ मार्च

८८/५६. वजन ३६. बोलणं कमी झालंय. मधेच विचारलं, "आतली माणसं कितवा दिस?" मी सांगितलं. म्हणाली, "मग माझं काय न्हाय."

ह्यांनी बारामतीहून माझी धुतलेली लुगडी आणली. एरवी चेष्टा केल्याशिवाय राहवत नाही त्यांना. आज आत्याच्या पायाशी बसले आणि पाय दाबत राहिले. जाताना मला म्हणाले, "मी त्या दिवशी काहीतरीच बोललो." ह्यांच्या तोंडून लग्नानंतर असं वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

सोमवार, ३

तीन वाजता वकीलबाई आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. सुनावणी झाली नाही. पुढं गेली.

"कंची तारीख?" आत्यानं विचारलं.

"कळवतो म्हणालेत."

मला वाटलं आता खचेल. ती फक्त म्हणाली, "पानी दे." घोटभर घेतलं. मग वकीलबाईंचा हात धरून त्यांनाच समजावत होती, तुमी मनाला लावून घिऊ नगा, तुमी धावपळ केली की. वकीलबाई पदरानं डोळे पुसत बाहेर गेल्या. चाळीस किलोही वजन नाही आणि सगळा मांडव हिच्या आधारानं उभा आहे. मी वॉर्डात माणसं मरताना बघितलीत, जगताना बघितलीत. हे नव्हतं बघितलं.

मंगळवार, ४

८२/५०. शुगर ५४.

चिठ्ठी हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. आत्यानंच सांगितलं, "जे हाय ते लिव्ह. तुझी नोकरी खरं लिवायचीच हाय."

खरं लिहिलं. अर्ध्या तासात अॅम्ब्युलन्स. नायब तहसीलदार स्वतः स्ट्रेचरला हात लावायला आले. आत्या त्यांना म्हणाली, "उचला. पन तोंडात काय घालू नगा." साहेब नुसते व्हय आजी, व्हय आजी करत चालत होते. मागं बघितलं तर तिच्या रिकाम्या सतरंजीवर ती हिरव्या लुगड्यातली बाई येऊन बसली होती.

बुधवार, ५

दवाखाना, बायकांचा वॉर्ड. दुपारचे पावणेपाच.

आत्या सलाईन लावू देत नाही. डॉक्टर तरुण आहे, समजूतदार आहे. तिला तीनदा विचारलं, ती तीनदा नाही म्हणाली, त्यानं तसं लिहून घेतलं. मग मला बाजूला घेतलं. "सिस्टर, तुम्हाला नियम माहीत आहेत. त्या शुद्धीत आहेत तोवर त्यांचा शब्द. शुद्ध गेली तर जवळचं माणूस तुम्ही. हा फॉर्म आत्ताच भरून ठेवा. लावायचं की नाही, एका ठिकाणी खूण आणि खाली सही. मी साडेपाचला येतो."

फॉर्म घेऊन तिच्याजवळ आले. लपवणार नव्हते, वाचून दाखवला. वाटलं, आता सांगेल, सही करू नगं. सांगितलं असतं तर मी तिच्याशी भांडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं.

ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, "मी जागी हाय तवर मी बगती. मंग तू बग."

"म्हणजे काय करू, आत्या?"

"तू शिकल्याली हाईस."

एवढंच. आता डोळे मिटून पडलीय, पण झोपलेली नाही, बोटं हलताहेत. श्वास मोजले, मिनिटाला अठरा. फॉर्म माझ्या मांडीवर आहे आणि पाच वाजले.