बिनमिठाचा घाटा

माय, आरंभी ‘आई’ असे लिहिले होते, ते खोडले. धुळ्याला शिकायला गेल्यावर मी तुला ‘आई’ म्हणू लागलो आणि तू त्या हाकेलाही ओ देत राहिलीस, मात्र किंचित उशिराने. हाक शेजारच्या घरातल्या कोणाला तरी असावी, असे तुला आधी वाटत असावे. तुला अक्षरओळख नव्हती. मामांची पत्रे मीच तुला वाचून दाखवत असे आणि वाचता वाचता त्यांचे व्याकरण सुधारत असे. पुढे मी मजकूरही सुधारू लागलो. तुला त्रास देईल असे वाक्य गाळत असे. मग मला अडचणीचे होईल असे वाक्यही गाळू लागलो. ‘भाचा पाणी भरू लागतो की नाही ते कळवावे’, हा मामांचा प्रश्न तीन पत्रांत आला होता. तुझ्यापर्यंत तो एकदाही पोहोचला नाही.

आता मी जळगावात मुलाकडे राहतो. चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवली, ती सवय सुटलेली नाही. घरातल्या किराणा मालाच्या यादीतही मी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करतो आणि सूनबाई ती यादी फाडून दुसरी लिहिते. मुलगा रेल्वेच्या कचेरीत आहे, रोज भुसावळला जाऊन येऊन करतो. सूनबाई रावेरकडची, केळीवाल्या घरातली. नात आठ वर्षांची आहे. अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. सूनबाई म्हणाली, डास चावला असेल. मी म्हणालो, झोप नीट झाली नसेल. चौथ्या दिवशी तिच्या पायात बूट शिरेनात. डॉक्टरांनी सांगितले की तिच्या मूत्रपिंडांतून प्रथिने गळून जातात आणि म्हणून अंगात पाणी साठते. गोळ्या सुरू केल्या की सूज उतरते. गोळ्या कमी केल्या की काही आठवड्यांनी परत येते. असे चार वेळा झाले आहे. या वेळी डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात लघवी स्वच्छ राहिली तर गोळी कमी करायची. न राहिली तर नाशिकला नेऊन मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायचा आणि अधिक कडक औषध सुरू करायचे. मुदत कधी संपते, हे सूनबाईने बोटांवर मोजले आणि म्हणाली, “आखाजीला.” वहीत मी ‘अक्षय्य तृतीया’ असे लिहिले. तेव्हापासून आमच्या घरात सगळे काही आखाजीपर्यंत असते.

रोजची वही माझ्याकडे आहे. सकाळी नात उठली की तिची पहिली लघवी काचेच्या पेल्यात घेतात, तीत मी कागदाची पट्टी बुडवतो, घड्याळात पाहून एक मिनिट थांबतो आणि खिडकीशी जाऊन पट्टीचा रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहतो. पट्टी पिवळी राहिली तर प्रथिने नाहीत. हिरवी झाली तर आहेत, आणि जितकी गडद तितकी अधिक. सलग तीन दिवस गडद हिरवी आली की आजार उलटला असे समजायचे. वहीत मी तारीख, वजन, पट्टीचा रंग, गोळ्या आणि शेरा असे रकाने आखले आहेत. शेरा पूर्ण वाक्यात असतो. डॉक्टर ती वही चाळतात तेव्हा, “आजोबा, अशी वही कोणी ठेवत नाही,” असे म्हणतात. हे मी तुला मुद्दाम सांगतो आहे. या वयातही अशा वाक्याने मला बरे वाटते.

गोळ्यांनी तिचे तोंड भोपळ्यासारखे गोल झाले आहे आणि भूक कशानेही शमत नाही. जेवून उठली की अर्ध्या तासाने ती माझ्या खुर्चीपाशी येते. “आबा, मला भूक लागून राहिली.” मी म्हणतो, “‘भूक लागली आहे’ असे म्हण.” ती म्हणते, “तसं म्हटलं तर देणार का?” तेथे माझे व्याकरण संपते. सूज असेल तेव्हा मीठ जवळजवळ बंद आणि एरवीही बेताचे, असे डॉक्टरांचे सांगणे आहे. पण सूनबाईने मिठाचा डबाच माळ्यावर ठेवून दिला आहे आणि सगळे घर अळणी जेवते. एके दिवशी मुलगा कामावरून आला, तेव्हा तिने त्याच्याकडे निरखून पाहिले. “डबा खाल्ला?” “खाल्ला ना.” “मंग मिशीला तर्री कशी लागली हो?” तो मिशी पुसू लागला तशी नात ओरडली, “पप्पांनी शेवभाजी खाल्ली! पप्पांनी शेवभाजी खाल्ली!” आणि मग त्याच्या मांडीवर बसून त्याच्या मिशीचा वास घेत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तो डबा पुसून घेतल्यासारखा रिकामा आणतो.

मी तुला आजवर कधी विचारले नाही, म्हणून आता सगळे क्रमाने मांडतो. धाकटी बहीण सहा वर्षांची होती, मी दहा. तिचे डोळेही असेच सकाळी सुजलेले असत, पोट नगाऱ्यासारखे ताणलेले असे. वडिलांनी, म्हणजे दादांनी, तिला अंमळनेरहून एस.टी.ने धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेले. परत आल्यावर ओट्यावर उभे राहून त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले की मीठ हे तिला विष आहे. त्या दिवसापासून तू तिची भाकरी वेगळी थापतेस, वरण वेगळे शिजवतेस. ती रडते, ताट लोटून देते, आणि मी, ज्याला वर्गात मॉनिटर केले आहे, तिच्या ताटावर लक्ष ठेवतो. आजी पापड खात असली तर मी तिला आत जाऊन खायला सांगतो. मला हे काम आवडते. त्यात चूक आणि बरोबर अगदी स्पष्ट आहे.

त्या वर्षी आखाजीच्या आधी आपल्या अंगणात ज्वारीचे पापड, आपले बिबडे, घालायचे होते. तीन दिवस भिजवून कांडलेली ज्वारी, मोठ्या पातेल्यात लसूण, तीळ आणि मीठ घालून उकळलेले पाणी, आणि त्यात पीठ ओतून लाकडी दांड्याने घोटताना चढणारी वाफ. आळीतल्या बायका ऊन चढण्याआधीच आल्या आहेत, खाटांवर ओली लुगडी पसरली आहेत, आणि त्या हाताला पाणी लावून पातळ बिबडे थापत आहेत. शिजलेल्या पिठाचा तो गरम घाटा, वर कच्चे तेल, एवढ्यासाठी सगळी पोरे भोवती उभी आहेत. मी अंगणाच्या दारातून आत येतो तेव्हा धाकटी चुलीमागे बसलेली आहे आणि तिच्या मुठीत घाट्याचा गोळा आहे. तू तिच्याकडे पाठ करून घोटते आहेस आणि म्हणते आहेस, “खाई ले.” मी सरळ धावत दादांच्या दुकानावर गेलो आणि त्यांना घेऊन आलो.

दादा घरात कोणावर मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशी बोलले. “पोरले मारी टाकशी का तू?” आजी खाटेवर होती, चार घरच्या बायका होत्या. कोणीही हात थांबवला नाही, फक्त थापण्याचा आवाज हळू झाला. तू पदर पुढे ओढलास आणि घोटत राहिलीस. धाकटीची मूठ दादांनी उघडली आणि उरलेला घाटा गायीपुढे टाकला. तू एक शब्दही बोलली नाहीस, आणि ज्याअर्थी तू बोलली नाहीस त्याअर्थी ते खरे आहे, असा मी निष्कर्ष काढला. मला तो तर्क निर्दोष वाटला. त्यानंतर आठ दिवसांनी धाकटीला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. लिंबाला आखाजीचा झोका बांधलेला होता. आखाजीनंतर तो तसाच सोडवला. तुझ्यावर कोणी पुन्हा ठपका ठेवला नाही. मीही नाही. फक्त पुढच्या उन्हाळ्यात तू घाट्याची ताटली माझ्यापुढे केलीस तेव्हा मी भूक नाही असे म्हणालो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही तसेच म्हणालो. कितव्या वर्षी तू ताटली पुढे करणे सोडलेस, ते मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात मी डॉक्टरांना, नात बाहेर गेल्यावर, विचारले की साठ-पासष्ट वर्षांपूर्वी असा आजार असलेल्या मुलीने घासभर मिठाचे खाल्ले असते तर काय झाले असते. ते पट्ट्यांची चिठ्ठी लिहीत होते. म्हणाले, “आजोबा, एका घासानं मूल जात नाही. सूज थोडी वाढली असती, एवढंच. तेव्हा या गोळ्या तुमच्या गावापर्यंत पोहोचल्या नसतील. अशी मुलं बहुतेक तापानं, जंतुसंसर्गानं जायची.” मग त्यांनी विचारले, “कोण होतं?” मी म्हणालो, “ओळखीतले.”

आता हे पत्र लिहिण्याचे खरे कारण सांगतो. परवा आमच्या गच्चीवर बिबडे घातले. माळ्यावरचा मिठाचा डबा त्यासाठी खाली उतरला होता. शेजारच्या दोघीजणी आल्या होत्या, शेगडी वर नेली होती. मी पट्टी पाहिली, ती पिवळी होती. वहीत नोंद केली आणि कठड्याला धरून जिना चढलो. वरच्या पायरीवर आलो तेव्हा नात पाण्याच्या टाकीमागे बसलेली होती आणि तिच्या मुठीत घाट्याचा गोळा होता. आखाजीला अकरा दिवस होते. माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते मी ठरवून बोललो नाही. “पोरले मारी टाकशी का तू?” पन्नास वर्षांत मी घरात ही बोली बोललो नव्हतो. शेजारणींचे हात थांबले. नात घाबरून घाटा पाठीमागे लपवू लागली.

सूनबाईने दांडा पातेल्यावर आडवा ठेवला, पदराला हात पुसले, मुलीच्या मुठीतला घाटा चिमटीने तोडला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आबा, आधी चाखून तर पाहा.” मी म्हणालो, “त्याची गरज नाही.” ती म्हणाली, “गरज शे. घ्या तोंडात.” तिच्या माहेरी ‘आहे’ला ‘शे’ म्हणत नाहीत, ते माझ्या बोलीतले तिने माझ्यासाठी म्हटले होते. मी तोंडात घेतला. तो पूर्ण अळणी होता, नुसती आंबूस ज्वारी आणि लसूण. ती म्हणाली, “तिच्यासाठी आधीच लहान पातेलीत वेगळा केला, तो काय मी मीठ टाकून केला असता? अडीच वर्षं झाली, आबा. मी तिची आई आहे.” एक शेजारीण म्हणाली, “जाऊ दे गं, म्हातारं माणूस घाबरलं.” नात टाकीमागून म्हणाली, “आबा, आता मी खाऊ?” मी हो म्हणालो. तिचा उरलेला घाटा खाऊन संपेपर्यंत मी त्याच पायरीवर बसून राहिलो, आणि खाली आल्यावर वहीत शेरा लिहिला: ‘सकाळी बिनमिठाचा घाटा, एक गोळा. मी चाखून पाहिला.’ कालची पट्टी पिवळी होती. आजचीही पिवळी आहे. नऊ दिवस उरले आहेत.

तेव्हापासून मी त्या अंगणाची पुन्हा पुन्हा उजळणी करतो आहे. तुझ्या चुलीशेजारी एक लहान गंज, पातेलीएवढा, होता असे मला आता आठवते. आता आठवते, म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही. तू धाकटीची भाकरी सहा महिने वेगळी थापली होतीस. घाटाही वेगळा शिजवला असशील, ही शक्यता मोठी आहे. किंवा तिचे रडणे तुला ऐकवेना म्हणून मोठ्या पातेल्यातलाच दिला असशील, हीही शक्यता आहे, आणि डॉक्टरांचे म्हणणे ऐकल्यावर त्यावरही माझा आक्षेप उरलेला नाही. एवढे मात्र मला उशिरा कळले की तुझ्या गप्प राहण्यावरून काही सिद्ध होत नव्हते. सासूच्या आणि चार बायकांच्या देखत नवऱ्याला उलट उत्तर देण्याची रीत आपल्या घरात नव्हती. ती तू कधीच मोडली नाहीस, मग त्याच दिवशी कशी मोडली असतीस? सूनबाईने माझ्या तोंडात घास घातला. तुला तसे करता आले नसते. घाटा गायीने खाल्ला, आणि त्यात मीठ होते की नाही हे सांगू शकणारे आता कोणी उरलेले नाही.

हे पत्र वहीच्या मागच्या पानांवर लिहिले आहे. ते तेथेच राहील. एक गोष्ट राहिली. दादांना बोलवायला मी धावलो, त्याच्या आधी धाकटीने मला पाहिले होते. ती घाबरली नव्हती. तिने मुठीतला अर्धा घाटा तोडला आणि माझ्यापुढे धरला. “भाऊ, ले.” मी तो घेतला असता तर मला तेव्हाच कळले असते. मी हात मागे घेतला. हे पत्र तुला वाचून दाखवण्याची वेळ आली असती, तर वरची पाच वाक्ये मी गाळली असती.