ताईचे डोळे आणि माझा खणखणीत आवाज

४ जून
बसचा नंबर लांबूनच वाचला — आणि ड्रायव्हरच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसलं! डोळ्यातली तीन इंजेक्शनं सार्थकी लागली. दिवसभर दिसेल ते वाचत सुटले आहे. औषधांची खोकी, दुकानांच्या पाट्या, शेजाऱ्यांची पत्रं.

ताईलाही तोच आजार, तेच इंजेक्शन. म्हणते, "मलाही बरंच आहे." मग काल खांबाला वाट का विचारत होती?

६ जून
झापलं तिला. डोळ्यांत घालायचे थेंब वेळेवर घालत नसणार. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, शिस्त असली की सगळं जमतं. ताई म्हणाली, "मग त्यांनाच पाठव थेंब घालायला."

१२ जून
तपासणी. तक्त्यावरची अक्षरं नेहमीप्रमाणे आधी मी वाचली, खणखणीत. मग ताईने. एकही चूक नाही. डॉक्टरीणबाई ताईच्या डोळ्यांचा स्कॅन बघत राहिल्या. "डोळ्याच्या पडद्याखाली पाणी तसंच आहे. वाचता कसं येतं?" त्यांनी तक्ता बदलला. ताई पहिल्याच अक्षराला अडली.

तीन महिने माझं ऐकून पाठ म्हणत होती! का, तर — "दिसत नाही म्हटलं की तू ओरडतेस गं."

बाई म्हणाल्या, "थेंबांचा दोष नाही. काहींच्या जनुकांमुळे हे औषध कमी लागू पडत असावं."

"आईबाप एकच आहेत आमचे," मी तडकले.

"पत्त्यांचा जोड एक असला म्हणून दोघींच्या हाती तेच पत्ते येतात का? खरं आधी कळतं तर औषध केव्हाच बदललं असतं."

आता उशीर झाला असेल तर?

१३ जून
जीभ चावून झाली. उपयोग शून्य.

२० जून
ताईला दुसरं औषध टोचलं. जनुकं तपासायला दोघींचं रक्तही घेतलं. खात्री कसलीच नाही. मी माफी मागितली — बहुधा जन्मात पहिल्यांदा. ताई म्हणाली, "लिहून दे. मोठ्या अक्षरात."

११ जुलै
अहवाल आला. या औषधाशी संबंध असलेल्या जनुकातच नेमक्या आम्ही दोघी वेगळ्या. म्हणजे मला गुण आला त्यात माझ्या शिस्तीचा काडीचा वाटा नाही. महिनाभर मिरवले ते फुकट! ताई पोट धरून हसली. तिचं नव्या औषधाचं दुसरं इंजेक्शनही झालं.

२ ऑगस्ट
सकाळी ताई कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "अगं, तुला मिशी कधी फुटली?"

इतकं गोड माझ्याशी आजवर कुणी बोललेलं नाही.