नर्सबाई तिच्या कानाशी बोलल्या

फणसवाडी, १९५६
मंगळवार, संध्याकाळ

हे आजच लिहायला हवं.

सकाळपासून संचारबंदी. 'मुंबई आमची' म्हणणारा रस्ता एकदम गप्प. दादा परळला अडकलेला आणि इकडे वहिनीला कळा सुरू झाल्या. डॉक्टर येणार कसे? आईने शेजारच्या नर्सबाईंना हाक मारली. त्या मल्याळी. भिंतीपलीकडे बहिणीशी बोलू लागल्या की वाटायचं, कुणी पत्र्यावर चिंचोके ओततंय. कानांत बोटं घालावीत असं.

मुलगी झाली, पण रडेना. निळसर पडलेली. वहिनी विचारत राहिली, "रडत का नाही? वन्सं, सांगा ना!" मी तिचा हात धरून नर्सबाईंकडे पाहिलं.

नर्सबाईंनी बाळाचं तोंड पुसलं, तळपायांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली आणि तिच्या कानाशी भराभर बोलू लागल्या. तीच भाषा, तेच चिंचोके. एक शब्द कळत नव्हता, तरी हे थांबू नये एवढंच मला वाटत होतं. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. गोड? नाही, गोड हा शब्द पुरत नाही. दुसरा सापडत नाही.

आणि पोर रडली. केवढ्यानं!

आईने डोळे पुसत विचारलं, "काय सांगितलंत हो तिला?"

नर्सबाई लाजल्या. "काय नाय. ऊठ, उजाडला, असा बोलली. माझी आई मला असाच उठवायची."

बाहेर तर दिवेलागण झाली होती.