तंगूसवाल्या जेक्सेम्बायची वाटणी

मी, जेक्सेम्बाय ओराझूली, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गळ, शिसे आणि तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, विकणे, राहणार आककामिस, इली नदीच्या मुखाशी, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली किंवा नशेत लिहिलेले नाही. रागात लिहिलेले आहे, हे मान्य. डोके ठिकाणावर आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, ते नोटरी कचेरीच्या राउशानबाईंनी चालवून घ्यावे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मुलाच्या नावावर होते.

कलम एक. बाजारातला गाळा मालासकट मुलगी उल्बिके हिला. गिऱ्हाईक "घट्टातलं घट्ट तंगूस दे" म्हणाले की तीही माझ्यासारखी आधी विचारते, "कुठला मासा? कुठलं पाणी?" बर्फाला भोक पाडून बसणाऱ्याला केसासारखे बारीक आणि मऊ द्यावे, जाड तंगूस थंडीत वेटोळे धरून बसते आणि मासा आमिष चाखून गेला तरी हाताला कळत नाही. साझान मासा धडक मारून पळतो, त्याला मध्यम जाडीचे, ताण खाणारे. मिशांचा जायीन मासा धरायचा तर काडीएवढे जाड. गळाजवळचा तुकडा मात्र नेहमी वरच्या दोऱ्याहून बारीक ठेवावा, म्हणजे तुटलेच तर गळावर भागते. उन्हात राहिलेले रीळ विकू नये, मग तोटा झाला तरी चालेल.

कलम दोन. जायीनचे सगळ्यात जाड रीळ, अर्धे वापरलेले, बेकमुरातला. हो, त्याच बेकमुरातला. याने माझे रीळ दोन उन्हाळे मोटारीच्या काचेमागे भाजले आणि ते तुटल्यावर "जेक्सेम्बाय कुजका माल विकतो" अशी बाजारभर बोंब ठोकली. तेव्हापासून मी त्याच्या घरचा चहा घेतलेला नाही. त्याला रीळ का, ते पुढे येते.

कलम तीन. हे लिहिणे जड जाते आहे. मासे अंडी घालतात तो बंदीचा काळ चालू आहे. मागच्या आठवड्यात डागडुजी केलेली होडी चालवून पाहायला मी खालच्या बोरूच्या बेटांकडे गेलो. पाणी स्वच्छ दिसत होते. एकाएकी इंजिनाचा पंखा अडकला. वाकून बघतो तो होडी कलली आणि मी पाण्यात. पाय हलवू लागलो तर पाय हलेनात. तंगुसाचे जाळे होते ते, पाण्यात दिसत नाही असे. माझ्या गुडघ्याशी अंड्यांनी फुगलेले साझान अडकले होते, काही जिवंत, काही कुजलेले. जितका झटकलो तितका गुंतलो.

नशिबाने बेकमुरात तिकडून जात होता. त्याने जायीनच्या दोऱ्याला शिसे बांधून माझ्याकडे फेकले. "बाहीवरून गुंडाळ, म्हाताऱ्या! भांडण काठावर करू!" त्याने मला ओढून काढले आणि वर म्हणाला, "दोरा तुझ्याच गाळ्यातला बरं का. कुजका माल!"

काठावर तो माझ्या पायातले जाळे कापत होता, तेव्हा मला जाळ्याची दोराशी मारलेली गाठ दिसली. मी डावखुरा आहे. माझी गाठ उलटी पडते. या नदीवर तशी गाठ दोघेच मारतात, मी आणि माझा मुलगा कानागात. मी थंडीने कुडकुडत होतो, ते कुडकुडणेही थांबले. बेकमुरातने विचारले, "कुणाचं रे हे जाळं?" मी म्हणालो, "काय ठाऊक."

गेल्या वर्षी कानागात अशी जाळी विकतो असे कळले, तेव्हा मी घर डोक्यावर घेतले होते. तो म्हणाला, "आके, तंगूस तेच ना! तुम्ही रिळाने विकता, मी विणून विकतो." मी म्हणालो, "गळ एका माशाला विचारतो, येतोस का. जाळं कुणाला विचारतं?" तेव्हा त्याने भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली होती की पुन्हा जाळ्याला शिवणार नाही. बाप त्याच्याच जाळ्यात बुडत होता, हे त्याला अजून माहीत नाही.

कलम चार. घर, होडी आणि इंजिन कानागातला, पण त्याने सगळी जाळी पाण्यातून काढून नष्ट केली तरच. नाहीतर तेही उल्बिकेला.

पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी राउशानबाईंनी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. टपालवाला सापारअली आणि बेकमुरात हजर होते. कलम दोनलाच बाई थांबल्या. "बेकमुरात आगा, तुम्हाला रीळ मिळतंय. वाटा घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही."

"अर्ध्या रिळासाठी मी वारस?" तो गुरगुरला. पण रीळ सोडले नाही.

मला मोटारीतून घेऊन आलेला कानागात दाराशी उभा होता. चारही कलमे वाचून संपली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आके, ते तुम्ही होतात?" एवढेच बोलला आणि निघून गेला.

दुपारी परतला तो कमरेपर्यंत भिजलेला, तळहात तंगुसाने कापलेले. त्याने पोती कचेरीच्या जमिनीवर ओतली. सगळी जाळी कुऱ्हाडीने तुकडे केलेली. मग दुसऱ्या साक्षीदाराच्या रिकाम्या ओळीकडे बोट दाखवून त्याने पेन मागितले.

राउशानबाई म्हणाल्या, "अरे वेड्या, सही केलीस तर घर गेलं!"

"ऐकलंय मी सकाळी."

"मग?"

"नाही केली तर जाळी घरासाठी तोडली असं होईल. आकेंना तसं वाटेल. मलाही वाटत राहील."

कलम बदलतो, असे मला म्हणायचे होते, पण मी पेन त्याच्या हातात दिले. पाण्यात पडलो तेव्हासुद्धा इतका हादरलो नव्हतो. त्याने सही केली.

ठिकाण: आककामिस. दिनांक: २९ एप्रिल २०१६.

सही: जेक्सेम्बाय ओराझूली

साक्षीदार:
१. सापारअली, टपाल कचेरी.
२. कानागात जेक्सेम्बायूली. मुलगा. वारस नाही.