मुरमुरेसुद्धा भातच

मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या शकुंतलेच्या पायाची जखम भरेना, साखर उतरेना. डॉक्टर नुसतं म्हणाले होते, "भात सोडा." तिने सोडला, आणि तिन्ही त्रिकाळ मुरमुरे! मला म्हणे, "ते काय भात हाय का, बाई?" पाय जायची वेळ आली, तरी काय खातेस हे विचारायला डॉक्टरांना काय झालं होतं? शेवटी आज चंद्रपूरला मीच सोबत गेले, डॉक्टरांसमोर ठाण मांडलं. नीट समजावल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. समजावलं मग त्यांनी, अगदी ताटातल्या घासापर्यंत.

परतताना भद्रावतीच्या बसमध्ये शकुंतला शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगत होती, "काकू, मुरमुरेबी भातच हाय, फुगून बसलेला. तुमची साखर तपासली का?"

ऊर भरून आला माझा. मी म्हटलं, "मोठ्याने सांग, मागच्यांनाही ऐकू दे."