सतरा नंबरच्या आजी

रायपूर, १४ जून

प्रिय अच्युत,

हे फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याचं बोलून ठेवून देते. म्हणून कागद घेतला. सावकाश बसून वाच.

शेवटच्या वर्षाला आमच्या एम.एस्सी.च्या पोरांना गट करून संशोधन प्रकल्प करावा लागतो. मी त्यांची गाइड. दोन वर्षांपूर्वीच्या गटाने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक सोय बनवली होती. रोज सकाळी दहाला संगणक त्यांच्या घरी फोन लावतो आणि विचारतो, बरं असेल तर एक दाबा, बरं नसेल तर दोन. दोन दाबलं की घरच्या माणसाच्या मोबाइलवर निरोप येतो आणि त्याने उत्तर दिलं नाही तर अर्ध्या-अर्ध्या तासाने आणखी दोनदा फोन लागतो. माणसं मिळत नव्हती, म्हणून मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुह्या पोट्ट्यांच्या कामी येते तं लाव माझं नाव." ती झाली सतरा नंबर. पोरांना नुसते नंबर दिसतात, नावांची यादी माझ्याजवळ असते.

त्या सगळ्या नोंदी यंदा मी चौघांच्या नव्या गटाला अभ्यासाला दिल्या. मार्चमध्ये एका दुपारी त्यांच्यातली ओवी माझ्या टेबलाशी आली, चेहरा अगदी खुललेला. मराठी घरातली पोरगी, पण बोलते हिंदीतच. "मॅम, सत्रह नंबरवाली दादी सबसे रेग्युलर हैं. रोज नौवीं घंटी पे उठाती हैं और एक दबाती हैं. घुटने दुखते होंगे ना? किचन से आते-आते नौ घंटियाँ." मी विचारलं, कधीपर्यंतच्या नोंदी आहेत? ती म्हणाली, "आज सुबह तक."

अच्युत, आईला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. फोन बंद करायचं आपल्या दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. गटातला श्रेयस म्हणाला, लाइनमध्ये फॉल्ट असेल. टेलिफोनवाला येऊन तपासून गेला, लाइन चांगली होती. सोनिया म्हणाली, "तो सत्रह नंबर हटा दें, मॅम?" माझ्याने हो म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओवीला घेऊन मी चौबे कॉलोनीत आईच्या घरी गेले. वाटेत तिला सांगितलं की त्या आजी म्हणजे माझी आई, आणि ती आता नाही. आम्ही बंद दारासमोर उभ्या राहिलो. लख्ख ऊन, शेजारी कुकरची शिटी, गल्लीत भाजीवाला. बरोबर दहाला आत फोन वाजला. मी मोजत होते. नवव्या घंटेला थांबला. ओवीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक.

मी कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. फोनवर अकरा महिन्यांची धूळ होती आणि तिच्यावर एका बोटाचीही खूण नव्हती. ओवीने चप्पल दाराबाहेर काढली, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "नमस्ते, दादी."

दुसऱ्या दिवसापासून उत्तर बदललं. रोज दोन. रोज दहा वाजून दोन मिनिटांनी माझ्या मोबाइलवर निरोप येतो, सतरा नंबरला मदत हवी आहे. मी रोज जाते. आत जाऊन बसले की साडेदहाचा फोन नुसता वाजत राहतो. बाहेर उभी राहिले की नवव्या घंटेला थांबतो. यादीतून तो नंबर काढणं माझ्याच हातात आहे. दोनदा काढायला बसले आणि तशीच उठले.

परवा गट अहवालाचा कच्चा मसुदा घेऊन आला. ओवीने एका ओळीवर पेन्सिलने खूण केली होती. गेल्या वर्षीचा नऊ एप्रिल. सतरा नंबर, दहा वाजता दोन. साडेदहाला पुन्हा फोन, पुन्हा दोन. अकराला पुन्हा दोन. पुढे लिहिलं होतं, घरच्यांकडून प्रतिसाद नाही. ओवीने मान वर न करता विचारलं, "उस दिन घरवाले कहाँ थे, मॅम?"

आई झोपेत गेली नाही, अच्युत. त्या सकाळी कॉलेजात बाहेरचे परीक्षक आले होते, माझ्या गटाचं सादरीकरण सुरू होतं. मोबाइल तीनदा थरथरला. एकटं वाटलं की ती कधी कधी उगाच दोन दाबायची, मी धावत गेले की हसायची, चहा टाकायची. मला वाटलं, आजही तसंच असेल. मी मोबाइल उलटा करून ठेवला. तीन वाजता घरी पोचले तेव्हा ती फोनपाशी जमिनीवर पडली होती. तू पुण्याहून आलास तेव्हा मी म्हटलं, झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही. त्या एका वाक्यावर तू शांत झालास आणि मग ते परत घ्यायची माझी हिंमत झाली नाही. परवा त्या चार पोरांसमोर मी उभी राहिले आणि सांगितलं की ते घरचं माणूस मीच. परक्या लेकरांना सांगून झालं आणि तुला नाही, म्हणून हे पत्र. रागाव, माझ्याशी बोलू नकोस, सगळं चालेल. पण सुट्टी काढून ये. त्या दारात आता मला एकटीने उभं राहवत नाही.

तुझीच,
गंधालीताई